पन्नासपैकी रूपाला तीन

शिरूरमध्ये बियरची पारख फार सोपी आहे. बियर शॉपीच्या काउंटरवर दोनच प्रश्न होतात: स्ट्राँग का माइल्ड, आणि चिल्ड आहे का. पहिल्याचं उत्तर गिऱ्हाईक देतं, दुसऱ्याचं दुकानदार. माइल्ड मागणाऱ्याकडे दुकानदार जरा काळजीने बघतो, घरी सगळं ठीक आहे ना, अशा नजरेने. चव हा विषय कोणी काढत नाही. आमच्या शेताशेजारचे आबा वर्षानुवर्षं एकाच छापाची स्ट्राँग घेतात. तिची चव कशी असते, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं आणि म्हणाले, "गार आसती."

आता हाच माणूस हुरड्याला बसला की त्याच्या जिभेला न्यायाधीशाची कळा येते. कणीस हातावर मळून, फुंकर मारून, चार दाणे तोंडात टाकले की आबा निकाल देतात. "सुरती हाय. पण काल काढाया पायजे हुती." म्हणजे ज्वारीचा वाण तर ओळखलाच, वर दाण्यातलं दूध किती तासांपूर्वी घट्ट व्हायला लागलं तेही सांगितलं. शिरूर एसटी स्टँडच्या आसपासच्या चहापैकी कुठल्या चहात आल्याऐवजी नुसता आल्याचा वास फिरवलेला आहे, हे त्यांना लांबून कळतं. भाकरीवरून पीठ दळलेलं ताजं की शिळं, हे तर आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. एवढी तयार जीभ बियरच्या बाटलीपाशी आली की रजेवर का जाते, हा माझा जुना प्रश्न होता. तो सोडवायला माझा भाचा पुढे आला.

भाचा खराडीत आयटीत आहे. आठवड्यातले पाच दिवस तो संगणकासमोर बसतो आणि उरलेले दोन दिवस बियर समजून घेतो. 'पितो' हे क्रियापद त्याला चालत नाही. पुण्यात २००९ साली 'डूलाली'ने जागेवरच बियर गाळून द्यायला सुरुवात केली, पुढे 'इंडिपेन्डन्स' आली, 'ग्रेट स्टेट'ने तर कोकम आणि मीठ घालून एल काढली, 'मूनशाइन'वाल्यांनी मधाचं मद्य आणलं. या सगळ्या काळात आमच्या घरातली पोरं एमपीएससीचा अभ्यास करत होती अशी आमची समजूत होती. डिसेंबरात भाच्याचा फोन आला.

"मामा, एक सीझनल पेल एल आलीय. लिमिटेड बॅच. संत्र्याची साल घातलीय. थंडी संपली की संपली. मला तिच्यावर खऱ्या जिभांचं मत पाहिजे. पुण्यात ज्याला पाजावी तो 'सिट्रसी' म्हणतो आणि फोटो काढतो."

मी म्हटलं, खऱ्या जिभा आहेत, पण त्या एका दिवशी एका जागी मोकळ्या सापडणं अवघड आहे.

आणि तसंच झालं. मंडळ पाच जणांचं ठरलं: मी, आबा, निवृत्त इतिहास शिक्षक असलेले आमचे सर, केडगावचे माझे दाजी आणि दाजींचे मित्र, दौंडचे अंकल. अंकल रेल्वेत इंजिन चालवायचे. दौंडच्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांपैकी एका घरातले. त्यांचं मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच रुळावरून धावतं आणि सिग्नल कुठल्याच भाषेला नसतो. सोमवारी सरांचा शंकर. मंगळवारी आबांचा रांजणगावचा महागणपती. गुरुवारी दाजींचे दत्त महाराज. शनिवारी माझा मारुती. संकष्टी आणि एकादशी सामायिक. शुक्रवारी आबांच्या घरात आंबट चालत नाही आणि बियर आंबटात मोडते की नाही यावर मतभेद. रविवारी सकाळी अंकलचं चर्च, संध्याकाळी सरांचे जावई. उरला बुधवार. आमच्याकडे पिणारा माणूस जेवढे वार पाळतो तेवढे न पिणाऱ्यालाही जमत नाहीत. शेवटी पौषातला एक बुधवार धरला. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे माणसं रिकामी असतात.

भाचा नियमाचा पक्का. त्याने सगळ्यांना परवाने काढायला लावले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात कागदोपत्री अजून दारूबंदीच आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगायचा आहे. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा थेट आजन्म. गावोगावी पाट्यांवर दिसणाऱ्या परमिट रूममधलं परमिट ते हेच. बियरसाठी वय एकवीस, कडक मालासाठी पंचवीस. शिवाय त्याच कायद्यात प्रकृतीच्या जतनासाठी परवाना देण्याचंही एक कलम आहे. हे कलम सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आबांचे डोळे भरून आले. "आवं, ह्येच म्या घरात सांगतुय. सरकारला पटतं, घरात पटत न्हाई."

जागा आबांचं शेत, शिरूर-न्हावरे रस्त्याच्या आत. दाजी आणि अंकल चौफुल्याच्या रस्त्याने, भीमेवरचा पूल ओलांडून आले. येताना दाजींनी स्वतःच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप आणि काकवीची बरणी आणली होती. रिकाम्या हाताने ते कुठेच जात नाहीत.

आता एक अडचण सांगायची राहिली. दाजी हे भाच्याचे वडील. आमच्याकडे बाप-लेक एकमेकांसमोर पीत नाहीत. दोघेही पितात हे दोघांनाही ठाऊक असतं, पण ते ठाऊक नसल्यासारखं वागणं ही घराची शिस्त. दाजी शेतात पाय ठेवताच म्हणाले, "मी फक्त हुरड्याला आलोय." भाचा म्हणाला, "पप्पा, हे पिणं नाही, परीक्षण आहे." दाजी म्हणाले, "मग परीक्षण झाल्यावर थुंकता का?"

प्रश्न बिनतोड होता. कारण दौंड तालुक्यातच, रोटी गावाजवळ वाइनची फॅक्टरी आहे आणि तिथे पाहुण्यांना वाइनची चव देतात हे दाजींना माहीत आहे. वाइनचे परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकतात. रोटी घाटातून तुकोबांची पालखी जाते, त्यामुळे त्या गावाची थुंकण्यावरून चर्चा आमच्याकडे जास्त झालेली आहे. भाच्याला खरं सांगावं लागलं: बियरचे परीक्षक गिळतात. कडवटपणा घशाखाली उतरतानाच नीट कळतो, असं ते मानतात. दाजींनी मान हलवली. "म्हणजे पिणंच."

तोडगा आबांनी काढला. शेतात कडब्याची मोठी गंजी होती. भाच्याने पेला घेऊन गंजीच्या मागे उभं राहायचं आणि तिथूनच काय ते सांगायचं. दाजींनी गंजीच्या अलीकडे, आगटीकडे तोंड करून बसायचं. आपल्याला जे दिसत नाही ते घडत नाही, या तत्त्वावर महाराष्ट्रातली निम्मी कुटुंबं उभी आहेत. त्यामुळे पुढचं सगळं मार्गदर्शन आम्हाला कडब्यातून आकाशवाणीसारखं मिळालं.

पहिली आकाशवाणी: "चखणा बंद!"

इथे बंडच झालं असतं. आबांनी खारे शेंगदाणे, लसणाची चटणी, चकली आणि कांदा अशी मांडामांड केली होती. भाच्याचं म्हणणं, मीठ-तिखटाने जीभ बधिर होते, घोटांच्या मधे फक्त साधं पाणी आणि बिनमिठाचा फुलका. आबांनी त्याच्याकडे, म्हणजे गंजीकडे, दयेने बघितलं. "आरं बाबा, चखण्याबिगर बियर म्हंजी आजारी मानसाचं काम हाय." अंकल म्हणाले, "मॅन, विदाउट शेंगदाणा हाऊ टु ड्रिंक?" शेवटी पहिल्या पेल्यापुरता चखणा वर्ज्य आणि दुसऱ्यापासून लोकशाही, असं ठरलं.

दुसरी आकाशवाणी याहून भयंकर होती. बियर फार गार करायची नाही. सात ते दहा अंशांच्या आसपास. फार गार केली की वास दबतो आणि जीभही सुन्न होते. मी आबांकडे बघितलं. ज्या माणसाच्या लेखी बियरला चव म्हणून एकच गोष्ट होती, तीही कोणीतरी काढून घेत होतं.

"म्हंजी चिल्ड न्हाई?"

"नाही आबा. कोमटही नाही. मधली."

"मधली," आबा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा सर पुढे सरसावले. सरांना असा क्षण लागतोच. वसईचा तह १८०२ सालचा. त्यानंतर इंग्रजांची तैनाती फौज जिथे येऊन बसली ती छावणी आपल्या घोडनदीकाठी, शिरूरला. त्या काळात पेल एल नावाची बियर इंग्लंडातून हिंदुस्थानात यायला लागली होती. लंडनजवळच्या बो इथला हॉजसन नावाचा बियरवाला कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना माल द्यायचा, तोही दीड-दीड वर्षाच्या उधारीवर.

"दीड वरीस?" आबा एकदम सावध झाले. "शॉपीवाला दीड दिस थांबत न्हाई."

गलबत आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी मुंबईला लागायचं. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सढळ हाताने घातलेली असल्याने बियर टिकायची, उलट प्रवासात मुरायची. साध्या गोऱ्या शिपायाला काळी पोर्टर, साहेब लोकांना पेल एल. पुढे १८२२ च्या सुमाराला बर्टनचा ऑल्सॉप या धंद्यात उतरला आणि हॉजसनची सद्दी संपत गेली. तीच बियर पुढे इंडिया पेल एल म्हणून जगभर झाली. मुंबईहून घाट चढून बैलगाडीने त्या बाटल्या शिरूरच्या मेसपर्यंत आल्याच असणार, असा सरांचा तर्क. आणि मुद्दा असा की त्या काळी बर्फ नव्हता. अमेरिकेहून बर्फाचं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं ते १८३३ मध्ये. तोवर साहेबाच्या पदरी आबदार नावाचा नोकर असायचा आणि तो सोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवून फिरवून जमेल तेवढी गार करायचा.

"तेव्हा आबा," सर म्हणाले, "ज्यांच्यासाठी ही बियर निघाली, त्यांनी शिरूरमध्ये ती चिल्ड प्यायलेली नाही."

आबांनी टोपी परत घातली. "म्हणून ग्येले आसतील."

सगळेच गेले नाहीत. कर्नल वॉलेस इथेच राहिला. असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या हाताखाली होता, १८०९ मध्ये शिरूरलाच वारला, आणि त्याच्या थडग्याला शिरूरकरांनी सत्पुरुष ठरवलं. सुगीच्या वेळी आसपासच्या गावांतले लोक नव्या धान्याचा पहिला वानोळा नैवेद्य म्हणून तिथे आणतात, असं १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंदवलेलं आहे. म्हणजे ज्या फौजेने पेशव्यांच्या मानेवर जू ठेवलं, तिच्या कर्नलला आम्ही ज्वारी खाऊ घातली. सर हे नेहमी तक्रारीच्या सुरात सांगतात. मला मात्र त्यात शिरूरचा स्वभाव दिसतो. माणूस मेल्यावर त्याच्याशी आम्ही फार चांगलं वागतो.

एवढं होईतो डबे उघडायची वेळ झाली होती. उघडण्याआधी भाच्याने गंजीमागून एक भीती बोलून दाखवली. हॉप्सचा वास नाजूक असतो. उन्हात, उकाड्यात बियर राहिली की तो उडतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. डबे सकाळपासून त्याच्या गाडीच्या डिकीत होते आणि गाडी वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यात किती वेळ अडकली होती हे सांगायला त्याचा जीव धजत नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून चार महिने तरलेली बियर नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये तरेल की नाही, ही शंका त्या वेळी आम्हा सगळ्यांना रास्त वाटली. हॉजसनच्या गलबताला निदान वारा तरी लागत होता.

मग त्याने गुणपत्रिका वाटल्या. अमेरिकेत १९८५ पासून बियरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था आहे, तिची ही पद्धत. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते याला पाच आणि एकंदर मत दहा. मी ते वाचलं आणि थांबलोच. रूपाला पन्नासपैकी तीन! आमच्याकडे स्थळ बघायला गेलेल्या मंडळींना हा तक्ता कुणीतरी द्यायला हवा होता. किती घरं वाचली असती.

पेले भरले. मागे पांढरा कागद धरला. भाच्याने सांगितलं, रंग बघा.

आता रंग म्हटल्यावर दाजींना राहवेना. आगटीकडे केलेलं तोंड त्यांनी अर्ध्याने वळवलं. केडगाव, खुतबाव, दापोडी या पट्ट्यात गुऱ्हाळांची चुलवाणं पेटली की हवेतच गोडी असते, आणि तिथल्या माणसाला रंगाचं सांगायला जाणं म्हणजे उद्धटपणा. "हिला फिकी कोण म्हणतं?" दाजी म्हणाले. "चांगला दोन नंबरचा गूळ आहे." भाच्याने कडब्यातून खुलासा केला. पूर्वी सातूचे मोड लाकडावर भाजायचे, ते काळपट व्हायचे. पुढे कोकवर भाजायला लागले आणि रंग उजळला. तेव्हाच्या काळ्या बियरच्या मानाने ही फिकी, म्हणून पेल. दाजींनी मान डोलावली. जळणावर रंग असतो हे त्यांना पटवावं लागत नाही. चुलवाणात चिपाड टाकणारा जळव्या कच्चा असला की गुळव्या कितीही हुशार असो, ढेप काळी पडते.

फेसावरून मात्र बाप-लेकाचं जमलं नाही. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी टाकतात, मळी वर येते आणि ती काढून टाकायची असते. ज्याच्या काहिलीवर फेस राहिला त्या गुळव्याला दाजी दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत. आणि इथे त्यांचा मुलगा सांगत होता की पेल्यावर फेसाचा दोन बोटं थर पाहिजे, तो टिकला पाहिजे, पिऊन झाल्यावर काचेला त्याची जाळी राहिली पाहिजे, आणि हे सगळं चांगलं लक्षण आहे.

"मळी काढायची राहिलीय यांची," दाजी आगटीला म्हणाले.

"पप्पा, ती मळी नाही. सातूतलं प्रथिन आणि हॉप्सचा..."

"मी तुझ्याशी बोलत नाही."

वासाची फेरी ही त्या दुपारची खरी गंमत. भाच्याच्या हातात डब्यावरची माहिती होती, पण त्याने ती कुणाला सांगितली नव्हती. सरांनी पेला नाकाशी नेला आणि "संत्रं" म्हणाले. ते तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आबांनी दोन्ही हातांनी पेला धरला, डोळे मिटले, एक हुंगा घेतला, पेला खाली ठेवला, परत उचलला. ती हुरड्याची पद्धत होती. मी श्वास रोखून बघत होतो. हीच ती जीभ, बियरपाशी कधी कामावर न आलेली.

"कैरी," आबा म्हणाले. "पिकल्याली न्हाई. देठ मोडल्यावर चीक उडतुय बगा, त्यो वास."

गंजीमागे एकदम शांतता झाली आणि मग उड्या मारल्याचा आवाज आला. झालं होतं असं की हॉप्सच्या तेलात मिर्सिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि आंब्याच्या वासातही तेच असतं. आबांना मिर्सिन ठाऊक नव्हतं. पण झाडावर चढून कैऱ्या उतरवताना अंगावर उडालेला चीक त्यांच्या नाकाने जपून ठेवला होता.

तेवढ्यात माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, पिठल्याचं पातेलं घेऊन खोपीतून बाहेर आली. तिने माझ्या पेल्यावरून नुसता हात फिरवला, जसा फोडणीवर फिरवतात. "धने घातलेत का रे यात?" भाच्याने डबा वाचला. सातू, गहू, हॉप्स, संत्र्याची साल. धने नाहीत. ताई म्हणाली, "मग डब्यावर चुकीचं लिहिलंय," आणि भाकरी थापायला आत गेली. भाचा फोन घेऊन शोधत बसला. दहा मिनिटांनी तो जरा ओशाळून बोलला की धन्याच्या तेलात मुख्य भाग लिनालूल नावाच्या द्रव्याचा असतो आणि तेच हॉप्सच्या फुलातही असतं. ताईला हे सांगायला तो खोपीत गेला. आतून ऐकू आलं, "मी काय वेगळं म्हणाले?"

या हॉप्सबद्दल आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली ती सांगायला नको होती. ही वेल आणि गांजा एकाच कुळातले. आबांनी तेव्हापासून पेल्याकडे नव्या आदराने बघायला सुरुवात केली आणि दर घोटानंतर काही होतंय का, याची वाट बघू लागले.

चवीला वीस गुण. सगळ्यांनी एकदम घोट घेतला. पहिल्यांदा गोडसर, मग संत्र्याच्या सालीचा उग्रपणा, आणि गिळल्यावर मागून येणारा कडवटपणा. हा तोंडात बराच वेळ बसून राहतो, निघायची घाई नसलेल्या पाहुण्यासारखा. आबांचा चेहरा बदलला. "कडू हाय. खराब झाली ही. वाघोलीतच ग्येली."

"कडूच पाहिजे आबा! तिचा गुणच तो आहे."

"आमची स्ट्राँग कडू न्हाई लागत."

"कारण ती तुम्ही चव लागेपर्यंत तोंडात ठेवत नाही."

हे वाक्य भाच्याने गंजीमागे होता म्हणून म्हटलं. समोर असता तर म्हणाला नसता. पण आबा रागावले नाहीत. त्यांनी दुसरा घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा बियर तोंडात धरून ठेवली. गाल फुगलेले, डोळे समोरच्या ज्वारीवर. मग गिळली. "व्हय," एवढंच म्हणाले. त्यात आनंद होता असं मी म्हणणार नाही. बऱ्याच वर्षांनी एखाद्याला आपला व्याही कसा दिसतो हे कळावं, तसलं काहीतरी होतं.

अंकल सगळ्यात मजेत होते. त्यांना सगळंच आवडलं होतं. दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या रात्री, भुसावळहून आलेले फायरमन, कुणाच्या तरी लग्नातला केक, असं एकेक आठवत त्यांनी वासाला बारापैकी बारा, रूपाला तीनपैकी चार आणि एकंदर मताला दहापैकी पंधरा दिले. सरांनी त्यांची गुणपत्रिका तपासून बेरजेत सुधारणा सुचवली. अंकल म्हणाले, "ओव्हरटाइम, मॅन."

सरांचं उलटं. पस्तीस वर्षं पेपर तपासल्यामुळे त्यांचा हात साठ टक्क्यांच्या वर जातच नाही. त्यांनी चवीला अकरा दिले आणि समासात लिहिलं: 'मुद्दा बरोबर, विस्तार हवा.' तोंडात कशी लागते याला पाचपैकी तीन, शेरा: 'प्रयत्न चांगला.' बेरीज एकोणतीस. भाच्याने सांगितलं की या पद्धतीत एकवीस ते एकोणतीस म्हणजे 'बरी', तीसपासून 'उत्तम'च्या वाटेला लागते, तेव्हा एक गुण वाढवता येईल का. सर म्हणाले, "पुरवणी परीक्षेला बस."

आबांनी आकडे लिहिलेच नाहीत. त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतलं. वासाला दहा, 'कारन कैरी म्या वळखली.' कडूपणाचे दोन वजा. चिल्ड नसल्याचे दोन वजा. गांजाच्या पाहुणीने काहीच केलं नाही त्याचा एक वजा. आणि किंमत? एका डब्याच्या पैशात आबांची नेहमीची स्ट्राँग एकाहून जास्त येते, हे कळल्यावर त्यांनी किमतीचे वेगळे पाच गुण कापायला सांगितले. तक्त्यात किमतीचा रकाना नाही, असं भाचा म्हणाला. आबा म्हणाले, "म्हंजी तक्ता अमेरिकेचाच."

राहिले दाजी. ते फक्त हुरड्याला आले होते. पण त्यांच्या शेजारी एक पेला केव्हाचा भरून ठेवलेला होता आणि तो आता अर्धा होता. बाष्पीभवनाचा विषय कुणी काढला नाही. मी हळूच विचारलं, "दाजी, गुण?"

"गुण नाही. भाव सांगतो." त्यांनी घसा साफ केला आणि आवाज जरा चढवला, गंजीपर्यंत जाईल एवढा. "माल स्वच्छ आहे. पाक नीट धरलाय, करपवला नाही. संत्रं जास्त झालंय, ते झाकायला घातल्यासारखं वाटतं. कडूपणा वरचढ होतो आणि गोडी मागे राहते, तिथं एक उकळी कमी द्यायला पाहिजे होती. वजनाला हलकी. बाजारात दोन नंबरला जाईल. पण एक नंबर करता येईल, असा माल आहे."

गंजीमागून काही वेळ आवाज आला नाही. मग भाचा म्हणाला, "पप्पा, हे मी सातशे शब्दांत लिहिलं होतं."

"मी तुझ्याशी बोलत नाही," दाजी म्हणाले आणि काकवीची बरणी त्यांनी त्या दिशेला सरकवली.

दुसऱ्या पेल्यापासून चखणा खुला झाला आणि परीक्षण बंद पडलं. लसणाच्या चटणीबरोबर ही पेल एल फार चांगली लागते, हे माझं एकट्याचं मत. अंकलला ती शेंगदाण्याबरोबर आवडली, सरांना फुलक्याबरोबर, कारण फुलका उरला होता. आबांनी पिशवीतून आपली स्ट्राँग काढली. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून सकाळपासून विहिरीत सोडलेली होती आणि सोऱ्याशिवायच आबदाराच्या वरताण गार होती. घोट घेऊन त्यांनी तोंडात धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला काय चवच न्हाई की वो."

हे मात्र मला जरा वाईट वाटलं. माणसाची इतक्या वर्षांची सोबत एका बुधवारात अशी उघडी पडू नये.

निघायच्या वेळी भाचा बियर कशी करतात ते आबांना समजावत होता. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, पासष्ट अंशांच्या पाण्यात भिजवून त्याची साखर उतरवायची, गाळायचं, ते गाळलेलं पाणी उकळायचं, हॉप्स टाकायचे, गार करून विरजणासारखं यीस्ट सोडायचं. आबा लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"गाळल्यावर वर जे ऱ्हातं, त्या चोथ्याचं काय करत्यात?"

"स्पेंट ग्रेन म्हणतात त्याला. बहुतेक गुरांच्या खाद्याला देतात. प्रथिनं असतात त्यात."

"दुधाला बरं?"

"बरं म्हणतात."

आबांनी खिशातून फोन काढला. "नंबर सांग त्या लोकांचा. माझ्या चार म्हशी हायत, रोजचं काय भावात देतील इचारतो. बियरचं तुमचं चालू द्या निवांत." मग जरा थांबून त्यांनी उरलेली एक कोरी गुणपत्रिका घडी करून बंडीत ठेवली. "म्हशीनं खाल्लं तर भरून पाठवतो. रूपाचे तीन सोडून."